किनाऱ्यावरची मुले आणि पुस्तकातला किनारा

महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य या राज्यातील प्राथमिक शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या बहुतेकांना पाठ असते. समुद्र कधीही न पाहिलेल्या चिमूरच्या मुलालाही ते येते आणि खाडीच्या काठाने चालत शाळेत येणाऱ्या बाणकोटच्या मुलीलाही येते. परीक्षेत त्याला एक गुण मिळतो आणि विषय संपतो. केंद्र सरकारच्या दप्तरी मात्र हाच किनारा कित्येक वर्षे ६५२.६ किलोमीटरांचा होता, आणि केंद्रीय गृहखात्याच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालाने तो एकाएकी ८७८ किलोमीटरांच्या घरात नेऊन ठेवला. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरांवरून ११,०९८ किलोमीटरांवर गेला. समुद्राने कोठे जमीन सोडली नव्हती, की कोणी नवा मुलूख जिंकला नव्हता. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली; ती ज्या नकाशावर झाली त्यात एक सेंटिमीटर म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर होते. नव्या मोजणीत एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. जुन्या नकाशात ज्या खाड्या, मुखे, वळणे आणि भूशिरे एका सरळ रेघेत गडप झाली होती, ती नव्या नकाशात दिसू लागली, एवढाच काय तो चमत्कार.

हा चमत्कार चौथीच्या वर्गात, सुतळीच्या एका तुकड्याने करून दाखविता येतो. भिंतीवरच्या भारताच्या नकाशावर कोकणपट्टीला सुतळी लावा, मग तीच सुतळी जिल्ह्याच्या नकाशावर लावा. प्रमाणाने गुणले की दोन उत्तरे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. ज्या वयात मुलाला प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर असते असे शिकविले जाते, त्या वयात ही गोष्ट त्याच्या हाताला कळणे किती मोलाचे आहे! पण पाठ्यपुस्तकी शिक्षणात आकडा हा मोजण्याचा विषय नसतो, तो मान्य करण्याचा विषय असतो. किनाऱ्याची लांबी बदलली तर पुढच्या आवृत्तीत आकडा बदलला जाईल. तो का बदलला हे मात्र विचारले जाणार नाही.

प्राथमिक शाळेतील किनाऱ्याच्या शिक्षणाची ही दशा कोणा एका पुस्तकाची वा एका मंडळाची चूक नाही. बालभारतीची स्थापना १९६७ साली झाली आणि तिने खेड्यापाड्यांतील मुलाच्या हाती स्वस्त व बरे पुस्तक दिले, हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. तिसरीचा परिसर अभ्यास जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा असावा ही कल्पनाही महाराष्ट्राने स्वीकारली. तरीही समुद्राचे चित्र काढायचे म्हटले की बालवाचनाच्या पुस्तकांतून, तक्त्यांतून आणि रंगवायच्या वह्यांतून एकच किनारा पुनःपुन्हा येतो : पिवळीधमक वाळू, कललेले माडाचे झाड, रंगीत छत्री, वाळूचा किल्ला आणि लांबवर एक शिडाचे जहाज. या चित्रात चिखल नाही. खडप नाही, तिवर नाही, वाळत घातलेले बोंबील नाहीत, आणि माणूस असलाच तर तो सुटीवर आलेला आहे. कोकणच्या किनाऱ्याचा फार मोठा भाग चिखलाचा, खाजणाचा आणि खडकाचा आहे, वाळूचा नव्हे. आणि त्यावर वावरणारा माणूस सुटीवर नसतो, कामावर असतो. सहलीला येणाऱ्याचा समुद्र हाच खरा समुद्र, असा संस्कार सहाव्या वर्षापासून होतो. मग पुढे विसाव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर विश्रामधाम उभे राहते आणि कोळीवाड्याची मासळी वाळविण्याची जागा ही घाण ठरते, तेव्हा त्याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही.

शब्दांचीच गोष्ट पाहा. समुद्रापासून वाळूच्या दांड्याने अलग झालेल्या उथळ पाण्याला भूगोलाच्या पुस्तकांनी ‘खाजण’ ही संज्ञा दिली. शास्त्राला संज्ञा हवी होती, ती बोलीतून घेतली, हे उत्तमच झाले. परंतु कोकणात आणि गोव्यात खाजण म्हणजे पाण्याचे तळे नव्हे. भरतीचे पाणी जेथवर चढते त्या खाडीकाठच्या दलदलीला बांध घालून, पाणी सोडण्या-अडविण्यासाठी दार बसवून जी जमीन शेतकऱ्याने भाताखाली आणली, ती खाजण. त्या दाराला रायगडात उघाडी म्हणतात, गोव्यात मानस म्हणतात. आता खाजणाच्या बांधावरून शाळेत येणाऱ्या मुलाने ‘खाजण म्हणजे काय?’ या प्रश्नाला आपल्या घरचे उत्तर लिहिले, तर ते चूक ठरते. चूक त्याची नाही. त्याच्या शब्दाला पुस्तकाने दुसरा अर्थ दिला आणि पहिल्याची नोंदही ठेवली नाही. या मुलाच्या आजोबा-पणजोबांनी समुद्राकडून जमीन कशी मागून घेतली, हा भूगोलाचा केवढा मोठा धडा! आणि तो तेवढ्यावर थांबत नाही. अलिबागच्या खारेपाटात ज्यांनी हे बांध घातले, त्यांच्याच कष्टाच्या भातावर खोतांनी हक्क सांगितला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो सुमारे सहा वर्षे निभावला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली. खाऱ्या जमिनीची घडण समजल्यावाचून तो संप समजत नाही आणि संप वगळून ती जमीन समजत नाही. शाळेत मात्र एक भूगोलाच्या तासाला येते व दुसरा इतिहासाच्या तासालाही क्वचितच येतो.

भरती-ओहोटीचा पाठ हे याहून ठळक उदाहरण. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले की उधाणाची भरती, काटकोनात आले की भांगाची भरती, हे आकृतीसह मुलांना शिकविले जाते, पण तेही वरच्या इयत्तांत. प्राथमिक वर्गातल्या मुलाला ते जड जाईल असे मानले जाते. वास्तविक कोकणच्या किनाऱ्यावर अक्षरशत्रू मानल्या गेलेल्या पिढ्यांनी याचा एक हिशेब तयार ठेवलेला आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसाही आणि रात्रीही. तिसरी-चौथीच्या मुलाला यापेक्षा चांगले अपूर्णांकाचे उदाहरण कोठे मिळणार आहे? त्यातही मौज अशी की, हा हिशेब पुरता बरोबर नाही. पंधराव्या तिथीला तो सव्वाअकरा दाखवितो, आणि मुंबईच्या बाजूस पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते. एका तिथीमागे भरती पाऊण तासाने, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांनी, पुढे जाते असे जुन्या माणसांनी धरले. प्रत्यक्षात ती सरासरीने अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे जाते. तीन मिनिटांची चूक पंधरा तिथींत पाऊण तासाची होते. तोंडी हिशेबाला सोपा म्हणून पाऊणचा आकडा पत्करला गेला आणि होडी लोटण्यापुरता तो पुरेसा होता. हे सारे चौथीतल्या मुलाने फळ्यावर महिनाभर भरतीची वेळ लिहून स्वतः शोधून काढावे. परंपरेचे ज्ञान वंदनीय म्हणून भिंतीवर टांगायचे नसते, आणि अडाणी म्हणून टाकायचेही नसते. ते तपासायचे असते. प्राथमिक शाळेत विज्ञानाची सुरुवात याखेरीज दुसऱ्या कशाने व्हावी?

अर्थात येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे लोक शिक्षणाचे शत्रू नाहीत. ते म्हणतात, मुलांना धड वाचता येत नाही, वजाबाकी जमत नाही. अशा वेळी पुळण, खडप आणि तिवर कशाला? आधी पाया भक्कम होऊ द्या. २०२१ पासून निपुण भारत या नावाने चाललेल्या मोहिमेचा सारा भर याच गोष्टीवर आहे, आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आलेच पाहिजे या आग्रहाशी कोणताही समतावादी माणूस भांडणार नाही. प्रश्न एवढाच की, वाचायचे काय आणि वजा काय करायचे? पायाभूत कौशल्य हे काही हवेत तरंगणारे कौशल्य नाही. भरतीच्या वेळेतून ओहोटीची वेळ वजा करता येते. बाजारात आईने विकलेल्या तिसऱ्यांचे वाटे मोजता येतात. ज्या शब्दांशी मुलाचा जीव जडलेला आहे ते शब्द त्याला आधी वाचता येतात, हे बालशिक्षणात नवे नाही. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला, समुद्राच्या अगदी काठावर, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्टेसोरीची महागडी साधने खेड्यातल्या मुलाला परवडणारी नाहीत, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. शाळेत न येणाऱ्या मुलाकडे शाळाच नेली, ती त्याच्या अंगणात नेली, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. त्यातला ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे साऱ्या देशाने उचलला. शब्द उचलला, शिंपले मात्र बोर्डीच्या किनाऱ्यावरच राहिले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो किनाऱ्यावरच्या आईबापांकडून येतो. आमच्या पोराने समुद्र शिकायला शाळेत जायचे काय? समुद्र तो घरी शिकतोच. शाळेने त्याला इंग्रजी शिकवावे, म्हणजे तो या धंद्यातून सुटेल. या बोलण्यामागे कष्टाचा आणि अपमानाचा दीर्घ अनुभव आहे, आणि ‘स्थानिक ज्ञान’ या शब्दांनी हरखून जाणाऱ्या शहरी शिक्षणप्रेमींनी तो ऐकून घेतला पाहिजे. मच्छीमाराच्या मुलाने मच्छीमारच व्हावे, असा जर परिसर-शिक्षणाचा अर्थ होणार असेल तर ते जातिव्यवस्थेचेच नवे पाठ्यपुस्तक होईल. त्याने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, हवे तर समुद्रापासून शंभर कोस दूर जावे. पण ज्या गोष्टीत तो वर्गातील इतरांपेक्षा पुढे आहे, त्या गोष्टीला शाळेत किंमतच नाही, हे त्याला पहिलीपासून रोज समजत राहणे यासारखे दुसरे नुकसान नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारा जो मुलगा खडपावर कालवे कोठे धरतात, कुर्ली कोणत्या बिळात असते, आणि पाणी उतरताना ओढ कोणत्या बाजूला असते हे सांगू शकतो, त्याला शिक्षकाने एक दिवस पुढे उभे करून विचारले, तर त्याच्या इंग्रजीचेही काही बिघडणार नाही. उलट सुधारण्याचाच संभव अधिक.

आणि घरचे ज्ञान पूर्णच असते असेही नाही. कोकणातल्या एका माणसाला आपल्या खाडीचा खडान्‌खडा ठाऊक असतो. पण पालघरकडचे मच्छीमार भरतीच्या ओढीत डोल लावतात आणि मालवणकडचे पुळणीवरून रापण ओढतात, या फरकाचे कारण दोघांपैकी कोणाच्याही घरी मिळत नाही. ते शाळेने द्यायचे असते. खंबायतच्या आखाताकडे जावे तसतसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. मुंबईस मोठ्या उधाणाला तो पाच मीटरांच्या आसपास जातो, तर वेंगुर्ल्याकडे त्याच्या जवळपास निम्मा असतो. जेथे पाण्याची ओढ जबर तेथे खुंटाला बांधलेले पिशवीसारखे जाळे उभे ठेवायचे आणि येणारे-जाणारे पाणीच मासळी आणून घालते. जेथे ओढ कमी, पण लांबच लांब वाळूची पुळण मोकळी, तेथे सारा वाडा दोरीला हात लावून जाळे ओढतो आणि मासळीचे वाटे करतो. किनाऱ्याच्या घडणीतून जाळे येते, जाळ्यातून श्रमाची वाटणी येते, वाटणीतून गावाची रीत येते. मग यांत्रिक नौका आल्या तेव्हा रापणकारांचा गोव्यात व सिंधुदुर्गात संघर्ष का पेटला, आणि १९८१ साली महाराष्ट्राला सागरी मासेमारी नियमनाचा कायदा का करावा लागला, हेही पुढच्या इयत्तेत समजणे सोपे जाईल.

शाळेच्या सहली किनाऱ्यावर येतच नाहीत असे नाही. दर हिवाळ्यात देशावरच्या शाळांच्या गाड्या अलिबागला उतरतात आणि मुले ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जातात. शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचे काम हाती घेतले हे त्यांना सांगितले जाते. ज्या वाटेने ती चालत गेली ती वाट सहा तासांपूर्वी पाण्याखाली होती आणि सहा तासांनी पुन्हा जाईल, ही गोष्ट घोडागाडीवाला सांगतो. गुरुजी सांगतातच असे नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या मार्गाचेही तेच. कड्यातील पायऱ्या उतरून भाविक ज्या सपाट खडकावरून देवाला वळसा घालतात, तो लाटांनी हजारो वर्षे घासून केलेला तरंगघर्षित मंच आहे, आणि शेजारच्या कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी जी जाळी पडली आहे ती खारट पाण्याच्या तुषारांनी खडक पोखरल्यामुळे. पुस्तकात ज्याचे नाव पाठ करताना मुलांची जीभ अडखळते, त्यावर ती उभी असतात. रत्नागिरी शहरात तर एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काळा समुद्र आहे! पाणी दोन्हीकडे सारखेच, रंग वाळूचा. काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजांचे कण आहेत. तीत लोहचुंबक फिरवावा आणि त्याला काय चिकटते ते पाहावे. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. तिच्यावर लिंबू पिळावे, बुडबुडे येतात. एक लिंबू आणि एक चुंबक, याहून अधिक खर्चाची प्रयोगशाळा या वयाला लागत नाही.

या सगळ्याकडे हौसेचा मामला म्हणून पाहणाऱ्यांनी एक दिवस आठवावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. ती मुले महाविद्यालयात शिकत होती. त्यानंतर चौकशा झाल्या, परिपत्रके निघाली, सहलींवर बंधने आली. समुद्र टाळण्याची परिपत्रके निघाली, तो शिकविण्याचे निघाले नाही. याच्या उलट दाखला २६ डिसेंबर २००४ चा. थायलंडमधील फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने पाण्याला आलेला विचित्र फेस पाहिला आणि दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेली त्सुनामीची लक्षणे ओळखली. तिच्या आग्रहामुळे तो किनारा वेळेवर रिकामा झाला. त्याच दिवशी सुमात्राजवळच्या सिम्युल्यू बेटावर भूकंपाचा धक्का बसताच लोक डोंगराकडे पळाले, कारण १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात गुंडाळून आजीने नातवाला दिली होती. अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावर सात माणसे दगावली. एकीला शाळेने वाचविले, दुसऱ्यांना आजीने. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या मुलाला यांपैकी काय मिळते? २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि त्यांत माणसेही दगावली होती, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे?

किनाऱ्याचे अज्ञान हे राजकीयदृष्ट्या फार सोयीचे अज्ञान आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने उच्चतम भरतीरेषेपासून पाचशे मीटरांपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९८१ मध्ये, इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हाच पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. पुढे अधिसूचनेत दुरुस्त्या होत गेल्या, २०११ मध्ये नवी आली, २०१९ मध्ये आणखी नवी आली आणि दाट वस्तीच्या गावांतला दोनशे मीटरांचा ना-विकास पट्टा पन्नास मीटरांवर आला. कोळ्याचे घर कायदेशीर की बेकायदेशीर, शेजारचे हॉटेल वैध की अवैध, हे सारे त्या एका भरतीरेषेवर ठरते. ही रेषा उपग्रहाच्या चित्रांवरून कोठेतरी दूरच्या कार्यालयात आखली जाते. पण ती किनाऱ्यावर दिसतेही. उधाण उतरल्यावर शेवाळ, काड्या, शिंपले आणि अलीकडे प्लास्टिक यांची जी माळ वाळूवर राहते, ती मुलांनी अष्टमीला आणि पौर्णिमेला काठ्या रोवून दाखवावी, दोन काठ्यांतले अंतर पावलांनी मोजावे, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावे. धूपप्रतिबंधक बंधारा घातल्यावर त्याच्या टोकाशी वाळू का खचते, हेही त्याच वहीत उतरेल. अशा वह्या दहा वर्षे भरल्या गेल्या तर गावाच्या हाती स्वतःचा पुरावा राहील. जनसुनावणीच्या दिवशी इंग्रजी अहवालाच्या जाडजूड खंडापुढे उभे राहणाऱ्या माणसाला आज असा पुरावा नसतो. त्याच्याजवळ फक्त संताप असतो.

वाढवणचे उदाहरण ताजे आहे. ज्या डहाणू तालुक्यात ताराबाईंनी शिंपल्यांवर अक्षरे शिकविली, त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे. बंदर व्हावे की होऊ नये याबद्दल मतभेद आहेत, आणि रोजगाराची भूक असलेल्या जिल्ह्यात ते असणारच. पण भरावाखाली काय जाणार, याचे वर्णन ‘खडकाळ किनारा’ या दोन शब्दांत उरकले जाते, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओसाड दगड उभे राहतात. त्या खडपांच्या खळग्यांत ओहोटीला पाणी राहते, त्यात पिल्ले वाढतात, कोलंबी वाढते, त्यावर सुक्याच्या दिवसांत बायकांची चूल चालते, हे ज्याने कधी वाकून पाहिले नाही त्याला हे दगड ओसाडच दिसणार. तिवरांचे तेच झाले. खाडीच्या चिखलातले काटूक, सरपणाखेरीज निरुपयोगी, म्हणून ती तोडली गेली आणि त्यांवर डेब्रिज टाकले गेले. यात बिल्डरांबरोबर गावकऱ्यांचाही हात होता हे लपविण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष जाहीर झाला. न्यायालयाला जे कळले ते शाळेला कळावयास हवे, आणि तेही ‘तिवर वाचवा’ अशा प्रभातफेरीने नव्हे. चिखलातून वर आलेली श्वासमुळे कशासाठी आहेत, आणि झाडावरच रुजलेले लांबट कोंब चिखलात उभेच्या उभे का पडतात, हे एकदा पाहिलेल्या मुलाला घोषणा शिकवावी लागत नाही.

समुद्रापासून दूरच्या मुलांचे काय, हा प्रश्न राहतोच. बीडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला समुद्र दाखविता येणार नाही, पण काठ दाखविता येईल. पाझर तलावाला पाणी चढल्या-उतरल्याच्या ज्या रेघा पडतात, ओढ्याच्या वळणावर एका बाजूला जी वाळू साठते आणि दुसऱ्या बाजूला जी माती ढासळते, तेथे किनाऱ्याचे व्याकरण सारेच आहे. परातीत वाळू-पाणी घेऊन फळीने लाटा केल्या तर वाळूचा दांडा वर्गातच तयार होतो. त्या मुलाला कोकणचे चित्र पाठवायचेच असेल तर छत्रीचे पाठवू नये. दाभोळच्या शाळेतील मुलांनी स्वतः काढलेले पाठवावे, आणि त्याने उलट आपल्या तलावाचे पाठवावे.

हे सर्व शिक्षकाच्या माथ्यावर मारून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. जनगणना, निवडणूक, आहाराच्या नोंदी आणि रोज नव्या ऑनलाइन माहितीचे तक्ते यांतून ज्याला वर्गात उभे राहण्यास सवड नाही, आणि मुलांना पाण्याकडे नेले व काही विपरीत घडले तर निलंबन त्याचेच होणार हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने ओहोटीला मुले घेऊन खडपावर जावे ही अपेक्षा सरकारने काही दिल्यावाचून करू नये. प्रत्येक किनारी केंद्रात गावातील एखाद्या अनुभवी मच्छीमाराला, तिसऱ्या काढणाऱ्या एखाद्या बाईला, त्या दिवसाची मजुरी देऊन मुलांबरोबर नेता येईल. शाळेचे वेळापत्रक महिन्यातून दोन दिवस घड्याळाऐवजी पाण्यावर ठरविण्याची मोकळीक मुख्याध्यापकाला द्यावी लागेल. देशभर एकच परीक्षा घेऊ पाहणाऱ्यांना हे रुचणार नाही.

आणि शाळा गावात राहिली पाहिजे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव राज्य सरकारने २०२३ मध्ये मागविले. डोंगर आणि खाड्या यांनी तुटक झालेल्या कोकणात कमी पटाच्या शाळा सर्वांत अधिक असणे स्वाभाविक आहे, कारण वाड्याच लहान आहेत. कागदावर दोन वाड्यांमधले अंतर दोन किलोमीटर असते. मध्ये खाडी असली तर ते रस्त्याने बारा होते आणि भरतीला तरीची वाट पाहावी लागते. हा हिशेब मंत्रालयातील नकाशात दिसत नाही, जसा पंचेचाळीस किलोमीटरांच्या सेंटिमीटरात बाणकोटची खाडी दिसत नव्हती. पटसंख्येचा तक्ता भरून घेताना त्यात आणखी एक रकाना वाढवावा : शाळेपासून नव्या शाळेपर्यंतचे अंतर भरतीच्या वेळी किती आणि ओहोटीच्या वेळी किती. तो भरण्याचे काम तिसरी-चौथीच्या मुलांकडे सोपवावे.